टाकाऊ वस्तूंची वाद्ये आणि अनेक देशांची मुले : स्वर आधी ठरवावेत की वाद्य आधी घडू द्यावे?

सायली_परदेशात (मूळ लेख)

मी जर्मनीत लाइपझिग येथे राहते आणि नोकरी सांभाळून एका युवा केंद्रात स्वयंसेविका म्हणून काम करते. येत्या उन्हाळ्यात आमच्याकडे युरोपीय संघाच्या 'इरास्मस प्लस' योजनेतून युवा देवाणघेवाणीचे शिबिर होणार आहे. अशी देवाणघेवाण 13 ते 30 वयोगटातील मुलामुलींसाठी असते आणि असे शिबिर 5 ते 21 दिवसांचे असू शकते. पोलंड आणि स्पेनमधून गट येणार आहेत. आमच्या गटात जर्मन मुलांबरोबरच याच शहरात स्थायिक झालेली सीरियन आणि युक्रेनी मुलेही आहेत. टाकाऊ वस्तूंपासून वाद्ये घडवायची आणि अखेरच्या संध्याकाळी ती सर्वांनी मिळून वाजवायची, असा बेत आहे.

संयोजकांमध्ये दोन मते पडली आहेत. काहींना वाटते की मुलांना डबे, नळ्या, तारा, बाटल्या मोकळेपणाने हाताळू द्याव्यात आणि जो आवाज निघेल त्यालाच संगीत मानावे. मला आणि आणखी एका सहकाऱ्याला वाटते की पहिल्याच दिवशी सर्वांनी मिळून एक आधारस्वर आणि एक स्वरावली ठरवावी आणि प्रत्येक वाद्य तिच्यात लागेल अशा बेताने घडवावे. जे वाद्य कशाशीच जुळत नाही ते शिबिर संपल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कचऱ्यातच जाते, हे मी अशा कार्यशाळांमध्ये पाहिले आहे. मग आपण कचऱ्याला नवे आयुष्य दिले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

येथे वाद्ये वाजवणारे, घडवणारे आणि मुलांना शिकवणारे अनेक सदस्य आहेत. आपले अनुभव आणि मते सविस्तर लिहावीत ही विनंती.

ठेका

स्वर ठरवण्याआधी लय ठरवा. भाषा समजत नसलेल्या मुलांना सातच्या किंवा आठच्या आवर्तनात बसवणे हे स्वर जुळवण्यापेक्षा पुष्कळ लवकर होते, आणि तालवाद्याला उपडी बादलीसुद्धा पुरते.

मिरजेचा_तंबोरा

सायलीताई, तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या मिरजेत सतार आणि तंबोऱ्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि 2024 मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. या वाद्यांचा जीव ज्या भोपळ्यात असतो तो खाण्याचा नसतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात तो पिकवतात, वाळवतात आणि मग तो कारागिराच्या हाती येतो. एरवी ज्याची कोणाला किंमत नाही अशा फळातून आपण गंभीर नाद काढतो, तो त्यामागे स्वराचा विचार पहिल्यापासून असतो म्हणून. भोपळा निवडतानाच कारागीर त्याचा घेर, सालीची जाडी आणि वाजवल्यावर येणारा नाद पाहतो. आधी काहीतरी जोडून टाकू आणि मग स्वर शोधू, असे कोणताही वाद्यकार करीत नाही.

तंतुवाद्य करणार असाल तर एक गोष्ट मुलांना प्रथम शिकवा. तारेचा ताण डब्याने पेलायचा नसतो, तो दांडीने पेलायचा असतो. पातळ पत्र्याच्या डब्यावर मान खिळ्याने ठोकली तर तार चढवताच ती पुढे वाकते आणि स्वर उतरत राहतो. आपल्या एकतारीत बांबू भोपळ्यातून आरपार जातो, त्यामुळे ताण बांबूतच राहतो आणि भोपळा फक्त नाद मोठा करतो. तेलाचा डबा घ्या किंवा बिस्किटांचा घ्या, दांडी आरपार घाला. मग ते वाद्य वर्षानुवर्षे टिकेल.

रानवारा

मी या मताशी नम्रपणे असहमती नोंदवते. मी पुण्यात प्राथमिक शाळेत शिकवते. मुलाने स्वतः शोधलेला आवाज आणि मोजपट्टीने दिलेला आवाज यांत फरक असतो. पहिल्या आवाजावर त्याचा हक्क असतो. तुम्ही पहिल्याच दिवशी नळीची लांबी फळ्यावर लिहून दिलीत तर मुले सुतारकाम शिकतील, ऐकायला शिकणार नाहीत.

शिवाय वाद्यातून स्वर निघालाच पाहिजे असेही नाही. व्हेनेझुएलात होसे आन्तोनियो आब्रेउ यांनी 1975 मध्ये सुरू केलेल्या 'एल सिस्तेमा' या संगीतशिक्षणाच्या चळवळीत अगदी लहान मुलांचा 'कागदी वाद्यवृंद' असतो. मुले आणि त्यांचे पालक मिळून कागदाच्या लगद्याची व्हायोलिने तयार करतात. ती वाजत नाहीत, पण वाद्य कसे धरावे, कसे जपावे, वाद्यवृंदात कसे बसावे हे मुले त्यांच्यावर शिकतात. मग स्वराचा एवढा आग्रह कशासाठी?

मिरजेचा_तंबोरा

रानवाराताई, आपले उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्याच बाजूने बोलते असे मला वाटते. कागदी व्हायोलिन हाती असताना त्या मुलांना ठाऊक असते की यानंतर खरे व्हायोलिन मिळणार आहे, आणि सगळी शिस्त त्या पुढच्या स्वरासाठीच असते. शिबिरातल्या मुलांना पुढचे वाद्य मिळणार नाही. त्यांच्या हातातले वाद्य हेच पहिले आणि हेच शेवटचे असेल, म्हणून ते बोलले पाहिजे.

भूपाळी

स्वरावली ठरवायची असेल तर माझी सूचना भूप रागाच्या स्वरांची आहे : सा, रे, ग, प, ध. यात मध्यम आणि निषाद नसल्यामुळे शेजारच्या दोन स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर कोठेच येत नाही. त्यामुळे पाचांपैकी कोणतेही दोन-तीन स्वर एकाच वेळी वाजले तरी कानाला टोचत नाहीत, आणि ज्याने आयुष्यात प्रथमच वाद्य हाती घेतले आहे त्यालाही निर्धास्तपणे वाजवता येते. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी मुलांच्या संगीतशिक्षणासाठी हाच मार्ग धरला होता. त्यांच्या पद्धतीतील झायलोफोनच्या पट्ट्या काढता येतात. नको असलेले स्वर काढून ठेवले की पाच स्वरच उरतात आणि मुले मोकळेपणाने स्वरांशी खेळू लागतात.

आणखी एक लाभ असा की ही पंचस्वरी रचना कोणा एका देशाची नाही. स्कॉटलंडची लोकगीते, चिनी संगीत, अँडीज पर्वतातील बासऱ्या, सगळीकडे ती सापडते. अनेक देशांच्या मुलांमध्ये ती कोणाला परकी वाटणार नाही. रानवारांच्या आक्षेपालाही यात थोडे उत्तर आहे. स्वर पाच ठरवा, पण कोणत्या वस्तूतून ते काढायचे हे मुलांवर सोडा.

बापू_यंत्रशाळा

भूपाळी यांच्या सूचनेला मापांची जोड देतो, म्हणजे प्रत्यक्ष कामाला सुरुवात करता येईल.

एका टोकाला बंद असलेल्या नळीच्या तोंडावर फुंकर मारली की जो स्वर निघतो त्याची तरंगलांबी नळीच्या लांबीच्या चौपट असते. आवाजाचा वेग सेकंदाला 345 मीटर धरला, म्हणजे साधारण 23 अंश तापमानात, तर हार्मोनियमवरील पांढरी एकच्या 523 हर्ट्झच्या षड्जासाठी नळी सुमारे 16.5 सेंटिमीटर लागते. पुढचे स्वर अपूर्णांकांनी काढा. रिषभासाठी लांबी आठ नवमांश म्हणजे 14.7, गंधारासाठी चार पंचमांश म्हणजे 13.2, पंचमासाठी दोन तृतीयांश म्हणजे 11, धैवतासाठी तीन पंचमांश म्हणजे 9.9 आणि तार षड्जासाठी निम्मी म्हणजे 8.25 सेंटिमीटर. प्रत्यक्षात हवेचा स्तंभ नळीच्या तोंडाबाहेर किंचित पसरतो, म्हणून नेमका स्वर या मापापेक्षा थोड्या आखूड नळीत मिळतो. त्यामुळे नळी हिशेबाच्या मापाला कापावी आणि खालून बूच हळूहळू आत सरकवत कानाने स्वर जुळवावा. रानवाराताईंना अभिप्रेत असलेले ऐकणे नेमके येथे घडते. फळ्यावरचे माप तुम्हाला स्वराच्या दारापर्यंतच नेते.

धातूच्या नळ्या किंवा लाकडी पट्ट्या ठोकून वाजवायच्या असतील तर गणित बदलते. तेथे स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो, म्हणून एक सप्तक वर जायला पट्टी निम्मी करायची नसते, ती सुमारे 0.707 पट ठेवायची असते. मूळ पट्टी 30 सेंटिमीटरची असेल तर रिषभ 28.3, गंधार 26.8, पंचम 24.5, धैवत 23.2 आणि तार षड्ज 21.2 सेंटिमीटरला येतो. मात्र सगळ्या पट्ट्या एकाच जाडीच्या आणि एकाच जिनसाच्या हव्यात. पट्टी कोठे टेकवावी हेही महत्त्वाचे आहे. प्रत्येक टोकापासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर ती जवळजवळ हलत नाही, तेथेच दोरा किंवा फोम लावावा. 30 सेंटिमीटरच्या पट्टीसाठी ते अंतर 6.7 सेंटिमीटर होते. भलतीकडे टेकवलेली पट्टी ठोकल्यासारखी ठक्‌ वाजते आणि मुलांना वाटते की आपले साहित्यच वाईट आहे.

प्रश्नचिन्ह

मापांची चर्चा उपयुक्त आहे, परंतु मला मुळातच एक अस्वस्थता वाटते. पाराग्वायमधील कातेउरा येथील मुलांचा 'रिसायकल्ड ऑर्केस्ट्रा', म्हणजे कचऱ्यातून घडवलेल्या वाद्यांचा वाद्यवृंद, जगभर गाजल्यापासून अशा शिबिरांची लाट आली आहे. तेथील मुलांकडे दुसरा पर्याय नव्हता. ज्यांच्या घरी गिटार आणि पियानो आहे अशा युरोपातील मुलांनी आठवडाभर डब्यांशी खेळून त्या मुलांच्या टंचाईचे अनुकरण करणे मला योग्य वाटत नाही. अनेकदा तर अशा कार्यशाळांसाठी दुकानातून नव्या बादल्या आणि नव्या नळ्या आणल्या जातात आणि त्यांनाच टाकाऊ म्हटले जाते.

सायली_परदेशात

प्रश्नचिन्ह, आपला मुद्दा मला मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा विस्ताराने लिहिते.

कातेउरा ही असुन्सिओन शहराच्या कडेची, पाराग्वाय नदीकाठची कचराभूमी आहे. फाबिओ चावेस तेथे पुनर्वापर प्रकल्पावर पर्यावरण तंत्रज्ञ म्हणून गेले आणि कचरा वेचणाऱ्या कुटुंबांतील मुलांना संगीत शिकवू लागले. वाद्यांपेक्षा मुले अधिक झाली. शिवाय तेथे व्हायोलिनची किंमत घराहून अधिक, त्यामुळे मुलाला खरे व्हायोलिन घरी देणे म्हणजे त्याला संकटात टाकणे, असे चावेस यांनी अनेकदा सांगितले आहे. तेव्हा निकोलास गोमेस या कचरा वेचणाऱ्या कारागिराने डबे, बेकिंगचे ट्रे, काटेचमचे आणि टाकलेले लाकूड यांपासून व्हायोलिन आणि चेलो घडवण्यास सुरुवात केली. सांडपाण्याच्या नळीच्या सॅक्सोफोनला नाणी आणि बाटल्यांची झाकणे चाव्या म्हणून बसवली, आणि क्ष-किरण फिल्मचे पडदे ढोलांना लावले. या मुलांनी 2014 मध्ये 'मेटॅलिका' या बँडबरोबर दक्षिण अमेरिकेचा दौराही केला.

मला या हकिकतीत गरिबीपेक्षा कारागिरी अधिक दिसते. ती वाद्ये डब्यांची आहेत म्हणून लोक ऐकत नाहीत. त्यांवर मोझार्ट सुरात वाजतो म्हणून ऐकतात. त्यांतील कारागिरीचे अनुकरण करण्यात मला कमीपणा वाटत नाही. मात्र दुकानातून बादल्या आणण्याबद्दलचा आपला आक्षेप मी शब्दशः मान्य करते आणि संयोजकांच्या बैठकीत तो नियम म्हणून मांडणार आहे. जर्मनीत नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रात जमा झालेली वस्तू सहसा कोणालाही उचलू देत नाहीत, म्हणून आम्ही आधीच लेखी परवानगी मागितली आहे. एका सायकल दुरुस्तीच्या कार्यशाळेने जुने ट्यूब आणि ब्रेकच्या तारा देण्याचे कबूल केले आहे.

सातासमुद्रा

कातेउराच्या आधीचे आणि माझ्या मते त्याहून मोठे उदाहरण कॅरिबियनमधील त्रिनिदादच्या स्टीलपॅनचे, म्हणजे तेलाच्या पिंपापासून घडवलेल्या वाद्याचे आहे. मी तेथे कामानिमित्त राहून आलो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने कातड्याच्या ढोलांवर बंधने घातली, तेव्हा लोक बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरू लागले. 1930 च्या दशकात बिस्किटांचे आणि रंगाचे डबे आले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून 55 गॅलनचे तेलाचे पिंप हाती लागले. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट यांच्यासारख्या तरुणांनी पिंपाचा तळ हातोड्याने खोलगट करून त्यावर एकेका स्वराचा पृष्ठभाग ठोकून काढला. त्यांचे पथक 1951 मध्ये लंडनच्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'मध्ये वाजवून आले. 1992 मध्ये स्टीलपॅन हे त्रिनिदाद आणि टोबॅगोचे राष्ट्रीय वाद्य ठरले, आणि 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 11 ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून जाहीर केला.

हे सांगण्याचे कारण असे की आज स्टीलपॅन पाहून कोणालाही कचरा आठवत नाही. ते वाद्य तेथपर्यंत पोहोचले कारण गल्लीगल्लीतल्या पथकांमध्ये अधिक स्वर आणि अधिक शुद्ध स्वर कोण काढतो याची चढाओढ होती. सायलीताईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला या इतिहासात मिळते. मोकळा खेळ आणि स्वराचा ध्यास हे तेथे एकापाठोपाठ आले. आधी ताल, मग एखादा स्वर, मग चाल. मुलांनाही याच क्रमाने जाऊ द्या.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहिते. आमचे घुमट म्हणजे मातीचे मडके आणि त्यावर ताणलेले कातडे. पूर्वी ते घोरपडीचे असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते वापरता येत नाही, आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. जुनी माणसे नादात फरक पडला असे म्हणतात. पण आरती आणि मांडो ही गाणी थांबली नाहीत, आणि 2019 मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. साहित्य बदलले की कारागीर पुन्हा स्वर शोधतो, हे सगळीकडे सारखेच.

तुमच्या शिबिरासाठी : बादलीच्या किंवा मोठ्या डब्याच्या तोंडावर रुंद चिकटपट्टी चांदणीसारखी आडवी-उभी खूप ताणून अनेक थरांत लावली तर चांगला पडदा तयार होतो. सायकलच्या ट्यूबचाही होतो, पण तो नीट ताणायला दोघांनी एकमेकांसमोर बसून ओढावे लागते. दोन देशांची मुले एका ट्यूबला बसवा.

नव्यानेच

मला एक मूलभूत शंका आहे. बाटल्यांमध्ये पाणी भरून स्वर जुळवायचे ठरवले तर पाणी वाढवल्यावर स्वर चढतो की उतरतो?

ठेका

उतरतो. जलतरंग पाहावे. वाटीत पाणी वाढवले की स्वर खाली जातो, आणि वादक चमच्याने पाणी घालून-काढून तो जुळवतात.

भूपाळी

चढतो. आम्ही शाळेत बाटल्यांवर सरगम वाजवीत असू, आणि जास्त भरलेली बाटली नेहमी वरच्या स्वराची असे.

बापू_यंत्रशाळा

आपण दोघेही बरोबर आहात, कारण आपण दोन वेगळ्या वाद्यांविषयी बोलत आहात. काठीने ठोकल्यावर काच कंप पावते. पाण्याने तिचे ओझे वाढते, कंप मंदावतो आणि स्वर उतरतो. तोंडावर फुंकर मारल्यावर आतली हवा कंप पावते. पाणी वाढले की हवेची जागा घटते आणि स्वर चढतो. शिबिरात ही गोष्ट मुलांना सांगू नका. एकच बाटली त्यांच्यापुढे ठेवा, ठोकायला आणि फुंकायला सांगा, आणि मग पाणी ओता. भाषेची अडचण कोणालाही येणार नाही.

ओटीवरची

फुंकण्याची गोष्ट निघाली म्हणून लिहिते. आमच्या घरी नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. तोंडाजवळ घागर धरून, तिच्या काठावरून श्वास सोडत, फेर धरत बायका घुमवतात, आणि वेगवेगळ्या आकारांच्या घागरींचा घोष मिळून जो गंभीर नाद उठतो तो ज्याने ऐकला आहे तो विसरत नाही. मंगळागौरीत सूप आणि लाटणे हाती घेऊन खेळतात तेही ठेक्यावरच. घरातली वस्तू घेऊन नाद करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि ती बहुतेक बायकांनी सांभाळली आहे. सायली, इतर देशांच्या मुलांनाही विचार की तुमच्या आजीच्या घरात सणावाराला काय वाजवतात. मला खात्री आहे की प्रत्येकाकडे काहीतरी निघेल.

शुक्रतारा_दुबई

भूपाळी यांच्या पाच स्वरांबद्दल एक सावधगिरी सुचवतो. गटात सीरियन मुले आहेत असे सायली यांनी लिहिले आहे. अरबी संगीतातील रास्त या मकामाचा (रागासारख्या स्वररचनेचा) गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कोठेतरी असतो. ज्या मुलाच्या कानात तो स्वर लहानपणापासून बसला आहे त्याला तुम्ही शुद्ध गंधाराची नळी कापून दिलीत तर तो ती निमूटपणे वाजवेल, परंतु ते वाद्य त्याचे होणार नाही. सर्वांना समान असे म्हणून जे ठरवले जाते ते पुष्कळदा बहुसंख्यांच्या सोयीचे असते.

भूपाळी

शुक्रतारा, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो अत्यंत महत्त्वाचा आहे. पडदे नसलेले एक तंतुवाद्य त्या मुलांसाठी योजावे, कारण त्यावर बोट जेथे ठेवाल तेथे स्वर असतो. कॉंगोच्या किन्शासा शहरात 'स्टाफ बेन्डा बिलिली' या गटातील रोजे लांडू हा तरुण डब्याला एकच तार लावून तयार केलेल्या 'सातोंगे' नावाच्या वाद्यावर अख्ख्या चाली वाजवीत असे. तार एकच, पण स्वरांना कुंपण नाही. आधाराला सा आणि प यांचा अखंड नाद ठेवलात तर भूप आणि रास्त दोन्ही त्यावर उभे राहू शकतात, कारण दोन्हींना षड्ज-पंचम सारखेच लागतात.

मिरजेचा_तंबोरा

हेच म्हणायला आलो होतो. एक मोठा डब्याचा तंबोरा आधी तयार करा. तो लागला की बाकीची वाद्ये त्याच्याभोवती आपोआप जमतील.

बापू_यंत्रशाळा

सुरक्षिततेबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या बंद पिंपात इंधन किंवा द्रावक होते ते कधीही कापू नका. रिकाम्या पिंपातील वाफ ठिणगीने पेट घेते. पीव्हीसी नळी वाकवण्यासाठी तापवू नका, कारण त्यातून निघणारा वायू फुप्फुसांना जाचक असतो. हाताच्या करवतीने, ओल्या फडक्यावर कापा. पत्र्याची धार आत दुमडून मगच मुलांच्या हाती द्या. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंगवलेले जुने लाकूड घासायला देऊ नका. क्ष-किरण फिल्म वापरणार असाल तर त्यावर रुग्णाचे नाव असते, ते आधी पुसा.

आणखी एक तांत्रिक बाब. हवेचे तापमान दहा अंशांनी बदलले तर नळ्यांचा स्वर अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने सरकतो, पण पट्ट्यांचा आणि तारांचा तसा सरकत नाही. दुपारी खोलीत जुळवलेली वाद्ये रात्री मोकळ्या मैदानात एकमेकांशी भांडतील. बूच सरकवण्याची सोय ठेवाच, आणि कार्यक्रमाच्या जागीच शेवटचे जुळवणे करा.

रानवारा

सगळी चर्चा वाचल्यावर माझे मत थोडे सरकले आहे. माझा आग्रह एवढाच उरतो की पहिला दिवस पूर्णपणे मोकळा ठेवा. मुलांनी प्रत्येक वस्तू ठोकून, घासून, फुंकून पाहावी आणि आवडलेली वस्तू बाजूला ठेवावी. दुसऱ्या दिवशी आधारस्वर आणा.

सायली_परदेशात

शिबिर पार पडले. धागा बराच खाली गेला होता, पण आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत म्हणून वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

रानवाराताईंचे ऐकून पहिला दिवस मोकळा ठेवला, आणि मिरजेच्या दादांचे ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या पत्र्याच्या डब्यातून जुन्या झाडूची दांडी आरपार घालून चार तारांचा तंबोरा केला. त्याच्या षड्जाशी दिवसभर प्रत्येकजण येऊन आपली नळी, आपली पट्टी जुळवून जात असे. बापूंची मापे आम्ही फळ्यावर लिहिली नाहीत. पोलिश गटातील एका मुलीकडे दिली आणि ती मापाची मालकीण झाली. बाटलीचा प्रयोग जसा सुचवला होता तसाच केला, आणि त्यावर चार भाषांत बराच वेळ वाद चालला.

ओटीवरच्या काकूंचा प्रश्न सर्वांत फळाला आला. स्पॅनिश मुलांनी लगेच सांगितले की त्यांच्याकडे नाताळची गाणी म्हणताना बडीशेपेच्या दारूची खाचांची बाटली चमच्याच्या दांड्याने घासून ताल धरतात, आणि मडक्याच्या तोंडावरील पडद्यात काडी रोवून ती ओल्या हाताने चोळत घुमवण्याचे 'सांबोंबा' नावाचे वाद्यही असते. पोलंडच्या मुलांनी उत्तरेकडील काशुबिया प्रांतातील सैतानाच्या व्हायोलिनची माहिती दिली. उंच काठी, तिला डबा, तारा आणि पत्र्याच्या चकत्या, आणि ती काठी जमिनीवर आपटून वाजवायची. मी घागर फुंकून दाखवली. येथे तांब्याची घागर कोठून मिळणार, म्हणून काचेचा मोठा बुधला घेतला, पण घोष तोच आला. प्रश्नचिन्ह, टंचाईच्या अनुकरणाचा आपला आक्षेप मी पहिल्या बैठकीत वाचून दाखवला होता. ही वाद्ये पुढे आल्यावर मुलांनीच ठरवले की आपण कोणा दूरच्या देशाची नक्कल करायची नाही, प्रत्येकाच्या घरची एक रीत घ्यायची.

सीरियन मुलांपैकी एकाने ऑलिव्ह तेलाच्या डब्याला सायकलच्या ब्रेकच्या तारेतील एक धागा उलगडून लावला आणि त्यावर रास्त वाजवला. गंधारापाशी आल्यावर नळ्यावाली मुले थांबत आणि त्याला एकट्याला पुढे जाऊ देत. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ज्या संयोजकांना स्वर ठरवणे म्हणजे मुलांवर बंधन घालणे वाटत होते, त्यांच्याशी माझा मतभेद पूर्णपणे मिटलेला नाही. पण पुढच्या वेळी तंबोरा पहिल्या दिवसापासून खोलीत असावा, यावर आमचे एकमत झाले आहे.

वाद्यांचे काय झाले हेही सांगते. नळ्यांचे संच बहुतेकांनी घरी नेले. ट्यूबचे दोन ढोल सैल पडले आणि त्यांचे रबर आम्ही सायकलवाल्यांना परत केले. तंबोरा युवा केंद्रात आहे आणि दर आठवड्याच्या गायनवर्गात वापरला जातो.

शुक्रतारा_दुबई

सायली, तो मुलगा तार कशाने छेडत होता? ब्रेकच्या तारेचा एक धागा बोटाला कापतो.

सायली_परदेशात

जुन्या बँक कार्डातून कापलेल्या नखीने. नंतर त्याने धनुकलीही केली. तिला घोड्याचे केस मिळाले नाहीत म्हणून मासेमारीची नायलॉनची दोरी लावली आणि राळ चोळली. राळ मात्र विकत आणावी लागली.

नव्यानेच

आमच्या सोलापूरच्या मंडळात दिवाळीच्या सुटीत हे करून पाहायचे ठरवले आहे. मिरजेचे दादा, चार तारांच्या डब्याच्या तंबोऱ्यासाठी दांडी किती जाड घ्यावी आणि घोडी (जिच्यावरून तारा जातात ती पट्टी) कशाची करावी?

मिरजेचा_तंबोरा

दांडी कडक लाकडाची घ्यावी, आपल्या अंगठ्यापेक्षा बारीक नसावी आणि गाठी नसलेली असावी. घोडीसाठी तुटलेल्या कपाटाचा सागवानी तुकडा चालेल. तिचा माथा सपाट ठेवून त्याला अगदी किंचित उतार द्या, आणि प्रत्येक तारेखाली सुती धागा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा भरलेला, झणकारणारा नाद, लागते का ते पाहा. पत्र्यावर घोडी घसरते, म्हणून तिच्या पायाखाली सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा ठेवा. सोलापूरहून मिरज लांब नाही. तार चढवण्याच्या दिवशी कळवा, मी येईन.